तोडण्याची कुऱ्हाड फोडण्यासाठी विकल्याबद्दल आणि दांड्यावरून निसटलेल्या पात्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचे पाते वापरताना निसटणे, खोक्यावरील दिशाभूल करणारा मजकूर आणि मदत कक्षाने दिलेला धोकादायक सल्ला

महोदय,

आपल्या कंपनीची लांब दांड्याची कुऱ्हाड मी सरपण फोडण्यासाठी घेतली. थोड्याच वापरात तिचे पाते दांड्यावरून निसटले आणि जिथे घरची माणसे वावरत होती त्या बाजूला जाऊन पडले. सुदैवाने कोणाला लागले नाही. मी लगेच आपल्या मदत कक्षाला कळवले. तिथून मिळालेला सल्ला असा होता की तो पाळणाऱ्याला इजा होण्याचीच शक्यता जास्त. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. मला पैसे परत हवेत, पण तेवढ्याने माझी तक्रार मिटणार नाही. खोक्यावरचा मजकूर, आतले माहितीपत्रक आणि दांडा बसवण्याची पद्धत, या तिन्ही गोष्टी आपण सुधारायला हव्यात.

आधी मजकुराबद्दल. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की ही कुऱ्हाड लाकूड तोडण्यासाठी आणि फोडण्यासाठी आहे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांना लागणारे पातेही वेगळे असते. तोडताना आपण लाकडाचे तंतू आडवे कापतो. त्यासाठी पाते पातळ, धार बारीक आणि वजन बेताचे असावे लागते, म्हणजे तिरका घाव खोल जातो आणि ढलपी सुटून येते. फोडताना तंतू कापायचे नसतात, एकमेकांपासून अलग करायचे असतात. तिथे पाते पाचरीसारखे लागते: धारेपासून मागे येताना झपाट्याने जाड होत जाणारे. धार लाकडात जरा शिरली की पुढचे काम पात्याच्या जाड बाजू करतात, त्या दोन्हीकडून रेटतात आणि ओंडका उभा चिरत जातो.

आपण विकलेले पाते सुमारे दीड किलोचे आहे आणि त्याच्या बाजू जवळजवळ सपाट आहेत. हे सरळसरळ तोडण्याचे पाते आहे. फांद्या छाटायला आणि पडलेले खोड आडवे तोडायला ते चांगले चालते, हे मी वापरून पाहिले आहे आणि तसे प्रामाणिकपणे नमूद करते. पण उभ्या ठेवलेल्या जाड ओंडक्यावर घाव घातला की ते थेट आत रुतून बसते. लाकूड फुटत नाही आणि कुऱ्हाड निघत नाही. मग ती सोडवण्यासाठी दांडा वरखाली हलवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो सगळा ताण पात्याच्या लगेच खालच्या भागावर येतो. दांडा मोडतो तो बहुधा तिथेच. म्हणजे चुकीच्या कामासाठी कुऱ्हाड विकल्यावर दांड्याचे आयुष्यही आपोआप कमी होते.

फोडण्यासाठी खास बनवलेली जड हत्यारे अडीच ते साडेतीन किलोपर्यंत असतात. सगळ्यांनी तेवढे वजन उचलावे असे मी म्हणत नाही. घावाची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जे हत्यार आपण वेगाने आणि नेमके खाली आणू शकतो ते न पेलणाऱ्या जड हत्यारापेक्षा जास्त काम करते. माझ्यासारख्या मध्यम बांध्याच्या बाईला दोन किलोच्या आसपासचे, पण पाचरीच्या घडणीचे पाते पुरते. मात्र ही निवड करता यावी म्हणून खोक्यावर पात्याचे वजन आणि त्याची घडण तरी लिहिलेली हवी. आपल्या खोक्यावर दांड्यासकट एकूण वजन आहे. त्यावरून ग्राहकाला काय कळणार?

तीच गोष्ट दांड्याच्या लांबीची. हीच कुऱ्हाड आपण दोन लांबींत विकता आणि आखूड दांड्याची 'नवशिक्यांसाठी सोपी' अशी जाहिरात करता. सरळ उभे राहून दोन्ही हातांनी पूर्ण जोराने घाव घालणाऱ्याचा नेम चुकला, तर लांब दांड्याची कुऱ्हाड बहुधा समोर जमिनीत किंवा ठोकळ्यात जाते. आखूड दांड्याची तोच कमान घेत स्वतःच्या नडगीकडे येते. नेम चुकण्याची शक्यता नवशिक्याचीच जास्त, आणि त्याच्याच हातात आपण आखूड दांडा देत आहात. हे वाक्य तर आधी काढा.

आता मुख्य दोषाकडे येते, दांड्याकडे. बाहेरून तो सुंदर दिसतो. जाड चकचकीत लॅकर आहे आणि वरच्या टोकाला काळ्या रंगाचा थर दिला आहे. पाते निसटल्यावर मी तो थर आणि लॅकर खरवडून काढले, तेव्हा आतली अवस्था दिसली. चांगल्या दांड्याच्या तळाकडून पाहिले तर लाकडाच्या वाढीच्या रेषा पात्याच्या धारेच्या दिशेत असतात, आणि बाजूने पाहिले तर त्या टोकापासून टोकापर्यंत सलग धावतात. घावाचा धक्का अशा दांड्यात लांबीभर वाटला जातो. माझ्या दांड्यात तळाकडच्या रेषा धारेला आडव्या आहेत. तेही एक वेळ चालले असते, कारण लाकूड घट्ट वाढीचे असेल तर आडव्या रेषांचे दांडेही टिकतात. पण इथे रेषा तिरक्या होत होत पात्याच्या चार बोटे खाली दांड्याच्या कडेतून बाहेर पडल्या आहेत. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच तंतू तुटलेले. त्या जागी केसासारखी बारीक फट धरलेली आहे. नख फिरवले तर ते अडकते. काही घाव आणखी घातले असते तर पाते दांड्याच्या तुकड्यासकट गेले असते.

आपण दांड्याच्या लाकडाचे नावही देत नाही, फक्त 'कठीण लाकूड' म्हणता. हिकरी आणि ॲश ही लाकडे दांड्यांसाठी नावाजली गेली ती धक्का सोसून पुन्हा सरळ होण्याच्या गुणामुळे. नुसते कठीण लाकूड धक्क्याने तडकू शकते. त्यामुळे नाव सांगणे गरजेचे आहे. आणि रेषा झाकणारे लॅकर हवे कशाला? त्या चकचकीतपणावर घामेजलेले हात घसरतात आणि तळव्यांना फोड येतात. जवसाच्या तेलाचा साधा हात दिलेला दांडा पकडायला चांगला, आणि विकत घेणाऱ्याला त्याच्या रेषाही स्पष्ट दिसतात. (तेल लावायला सांगितलेत तर एक सूचना मात्र जरूर छापा: तेलात भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत, पसरून वाळवावीत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.)

पाते निसटले ते मात्र फटीमुळे नव्हे, पाचरीमुळे. पात्याचे नेढे, म्हणजे दांडा बसवण्याचे भोक, वरच्या बाजूला किंचित रुंद ठेवलेले असते. दांड्याचे टोक खालून नेढ्यात घालायचे, वर त्याला दिलेल्या चिरेत लाकडी पाचर ठोकायची, म्हणजे टोक रुंदावून नेढ्याच्या भिंतींना घट्ट बसते आणि पाते वर सरकू शकत नाही. टोक नेढ्याच्या थोडे वर आलेले असावे. माझ्या कुऱ्हाडीचे टोक नेढ्याच्या आतच संपते. पाचर चिरेच्या निम्म्यापर्यंतच गेली आहे, खालची चीर मोकळी आहे. राहिलेली पोकळी चिकट द्रव्याने भरून वरून काळा रंग फासला आहे. म्हणजे हे पाते लाकडाच्या पकडीवर नव्हतेच, त्या द्रव्यावर टिकून होते. काही घावांत त्याला तडे गेले आणि त्याचा काळा भुगा ठोकळ्यावर पडू लागला. तो लॅकरचा असावा असे कोणालाही वाटेल, मलाही तसेच वाटले, कारण आत काय भरले आहे हे आपण कुठेच लिहिलेले नाही.

माझा भाचा त्या वेळी बाजूला फोडलेले तुकडे रचत होता. मी त्याला सुरक्षित अंतरावर उभे केले होते आणि घावाच्या रेषेत कोणी नव्हते. पण पाते घाव घालताना सुटले नाही. रुतलेले सोडवताना ओढ बसली, तेव्हा ते सुटून तिरके गेले आणि त्याने रचलेल्या ढिगात शिरले. तो वाकलेला होता. यापलीकडे त्या प्रसंगाबद्दल लिहिण्याची माझी इच्छा नाही.

मदत कक्षातील प्रतिनिधी नम्रपणे बोलले, त्यांच्या वागण्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्यासमोर आपण जे उत्तर लिहून ठेवले आहे त्याबद्दल आहे. पहिला सल्ला: पाते पुन्हा बसवा आणि कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवा. पाण्याने लाकूड फुगते हे खरे, पण नेढे लोखंडाचे आहे, ते फुगत नाही. फुगलेले तंतू त्यात चेपले जातात, आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही बारीक होऊन सैल बसतो. म्हणजे आज घट्ट वाटणारी कुऱ्हाड काही दिवसांनी पुन्हा निसटणार, आणि या वेळी वापरणारा निर्धास्त असणार. सैल पात्यावरचा खरा उपाय म्हणजे जुनी पाचर काढून नवी नीट ठोकणे, आणि दांडा फटलेला असेल तर दांडाच बदलणे.

दुसरा सल्ला याहून वाईट होता. कुऱ्हाड ओंडक्यात अडकली तर पात्याच्या पाठीवर घणाने मारा, असे मला सांगण्यात आले. तोडण्याच्या कुऱ्हाडीच्या नेढ्याभोवतीच्या भिंती पातळ असतात. घणाच्या माराने त्या पसरतात, नेढ्याचा आकार बिघडतो आणि मग कुठलाच दांडा त्यात नीट बसत नाही. शिवाय कडक पोलादावर कडक पोलाद आपटले की कपचा उडतो, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. अडकलेल्या ओंडक्यासाठी लोखंडी पाचर आणि घण असतो. ती पाचर मार खाण्यासाठीच बनवलेली असते, तरीही तिचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले की कडा कानशीने उतरवाव्या लागतात, डोळ्यांवर चष्मा लागतो. हे सगळे ज्यांना माहीत असायला हवे अशी आपली कंपनी ग्राहकाला कुऱ्हाडीची पाठ ठोकायला सांगते, हे मला मान्य नाही.

तिसरे उत्तर असे की, मी कुऱ्हाडीचा 'गैरवापर' केला आणि दांडा हमीत येत नाही. ज्या कामासाठी ती असल्याचे आपण स्वतः खोक्यावर छापले आहे, तेच काम मी केले. ओंडके माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या भक्कम ठोकळ्यावर ठेवले होते. गाठी असलेले बाजूला काढले होते. मोठ्या ओंडक्याच्या मधोमध घाव न घालता कडेकडेने ढलपे सोडवत गेले. याला गैरवापर कसा म्हणता येईल? उलट आपल्या माहितीपत्रकातल्या चित्रात माणूस ओंडका थेट फरशीवर ठेवून फोडताना दाखवला आहे. तिथे घाव आरपार गेला की धार दगडावर आपटणार आणि पाय वाचला तर नशीब.

धारेबद्दल थोडक्यात. एका कोपऱ्यावर निळसर झाक आहे. धार लावताना यंत्रावर पाते जास्त तापले आणि तिथले पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरले, एवढाच त्याचा अर्थ निघतो. कानस त्या जागी मऊ लोखंडात शिरावी तशी शिरते, बाकी धारेवर नीट चावते. तो कोपरा पहिल्या दिवसापासून दुमडतो आहे.

माझी मागणी अशी. कुऱ्हाडीची पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा खर्च मला मिळावा. दुरुस्त करून पाठवलेली हीच कुऱ्हाड किंवा याच खेपेतली दुसरी मला नको. या खेपेचे शिल्लक नग विक्रीतून काढून त्यांचे काळे थर खरवडून पाचरी तपासाव्यात, आणि ज्यांनी आधीच घेतल्या आहेत त्यांना कुऱ्हाड वापरणे थांबवण्याची सूचना कळवावी. त्यांचे पत्ते व फोन ऑर्डरच्या नोंदीत आपल्याकडे आहेत, त्यामुळे हे अवघड नाही. खोक्यावरून 'फोडण्यासाठी' हा शब्द काढावा, पात्याचे वजन आणि दांड्याचे लाकूड लिहावे. मदत कक्षाच्या उत्तरांतून पाण्याचा आणि घणाचा सल्ला आजच काढून टाकावा. याला कारखान्यात काही बदलावे लागत नाही, एक फोन पुरेसा आहे, म्हणून या एका मागणीसाठी मी थांबायला तयार नाही.

पाते, दांडा, पाचर आणि खरवडलेल्या थराचे तुकडे मी वेगवेगळे बांधून ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञाला ते पाहायचे असतील तर माझ्यासमोर पाहावेत, त्याआधी मी ते ताब्यात देणार नाही. दांड्याच्या रेषा, फट, अर्धवट पाचर आणि निळसर कोपरा यांची छायाचित्रे, पावतीची प्रत आणि मदत कक्षाशी झालेला लेखी संवाद सोबत जोडला आहे. उत्तर लेखी द्यावे, आणि त्यात प्रत्येक मुद्द्यावर काय केले ते स्वतंत्रपणे नमूद करावे ही विनंती.

आपली,
एक ग्राहक