पॅनहार्ड कुठं आडवा ठेवू?

प्रिय संत्या,

तब्येत बरी, आईचा गुडघा तसाच हाय. लिहायलोय ते वेगळ्याच कारणानं. बेळगावच्या अख्ख्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपांत हे कुणाला सांगू, सगळे म्हणतात बसतंय की, मार वेल्ड.

निपाणीच्या पार्टीचा पिकअप सांगितलेला न्हवं, बॅगांची हवा सोडली की जमिनीला बसणारा करायचाय तो? मागचे पाटे काढले, चेसीला नॉच म्हणजे खाच मारली, हाउसिंग धरणारे चारी रॉड नुसते टॅकवर, कच्च्या वेल्डवर धरले आणि हवेच्या बॅगा न लावताच जॅकवर मागच्या अॅक्सलचं हाउसिंग वरखाली करून बघितलं. वरचे खालचे रॉड एकाच लांबीचे, समांतर, त्यामुळं शाफ्ट जोडतो त्या पिनियनचा अँगल खालपासून वरपर्यंत जरासुद्धा बदलला नाही गड्या! अँगल मीटर चिकटवून परत परत बघितलं. तू असतास तर शेडमध्ये नाचला असतास.

पण हाउसिंग बाजूला सरकतंय. त्याला बाजूनं धरणारा पॅनहार्ड रॉड, एक टोक चेसीला एक हाउसिंगला, ३० इंची. राईड हाइटला, म्हणजे चालतानाच्या उंचीला आडवा धरला तर गाडी ४ इंच खाली बसेपर्यंत हाउसिंग दोन सूत, म्हणजे पाव इंच सरकतं, आणि टायर-हौद्यात जागा तीन सूत. उरलं एक, त्यात बुश दबणार, टायर फुगणार. रॉड ३६ इंची केला तरी फारसा फरक नाही, काढून बघितलंय.

मग सुचलं, पॅनहार्ड आडवा यायचा तो राईड आणि जमीन यांच्या बरोब्बर मधे ठेवायचा. म्हणजे वर २ इंच, खाली २ इंच, दोन्हीकडे हाउसिंग त्याच जागी येतं, मधे फक्त अर्धा सूत हलतं. अजून वर उचलली तर जास्त सरकेल, पण तेव्हा टायर हौद्याच्या बाहेर असतो. पार्टी खूश.

मी नाही. कारण मग चालताना रॉड तिरका, एका इंचाच्या खड्ड्याला मागचा भाग अर्ध्या सुताच्या वर बाजूला मारणार, आडवा असता तर कळलंसुद्धा नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असली गाडी रोडवर चालत नाही हे त्याला तोंडावर सांगितलंय, तर शेतातच फिरवतो म्हणतोय. पावसाळ्यानंतर आपल्याकडचा शेतातला रस्ता कसा असतोय माहीत हाय न्हवं तुला?

वरचे रॉड ट्रँगल कर, पॅनहार्डच नको म्हणशील, त्या जीपवेळी ह्याच्यावरनं तू माझ्याशी बोलायचा बंद झालास आणि वहिनीनं कुंदा घालून आपल्याला एकत्र बसवलं. अजून म्हणतो, तेव्हा तुझंच खरं होतं. पण इथं वरचे रॉड हाउसिंगच्या मध्यावर आणले की हौद्याचा पत्रा कापावा लागतो आणि पार्टी कापू देत नाही. माझं मत, पॅनहार्ड राईडलाच आडवा ठेवायचा आणि हौद्याची आतली कड दोन सूत वळवायची. गाडी बसल्यावर फोटोत चांगली दिसायची म्हणून चालताना लचकायला लागली तर ते काम मला नको, पैसे परत देईन.

तुझी बदली झाली काय? पोरीचा दात आला म्हणे, फोटो पाठव. अण्णा विचारतात.

ब्रॅकेट अजून कापायला दिलेले नाहीत. पॅनहार्ड कुठं आडवा ठेवायचा ते कागदावर काढून फोटो पाठव, फोनवर आपण भांडतोय नुसते.

तुझा,
विज्या