नगरसेवकांचा साप्ताहिक आढावा : 'मंजूर' म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव महानगरपालिकेतले काही नगरसेवक दर आठवड्याला आपल्या प्रभागाचा आढावा मोबाइलवरून पाठवतात. प्रथा चांगली आहे, ती मोडू नये. निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडले गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या सतरा महिन्यांत नगरसेवक निवडून आलेले होते, पण त्यांचे सभागृह नव्हते. लोकांना थेट अधिकाऱ्यांच्या दारात जायची सवय लागली ती तेव्हाच. आता ५८ प्रभागांना प्रतिनिधी आहेत, तर त्यांच्याकडून येणारी माहिती उपयोगी पडावी एवढ्यासाठी हे पत्र.

या आढाव्यांतली बरीच जागा सत्कार, वाढदिवस आणि नारळ फोडतानाच्या फोटोंना जाते. उरलेल्या जागेत 'काम मंजूर', 'पाठपुरावा सुरू', 'लवकरच' एवढेच शब्द फिरत राहतात. त्यातला 'मंजूर' सर्वांत फसवा. गटारीचे साधे काम घेतले तरी आधी मागणीपत्र जाते, मग अभियंता जागा मोजून अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी मिळते, निविदा निघते, ती उघडते, कंत्राटदाराला कार्यादेश म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी हुकूम दिला जातो, काम होते, मोजमाप वहीत नोंद होते आणि शेवटी बिल निघते. यातल्या तीन-चार टप्प्यांवर कुणी ना कुणी 'मंजूर' म्हणू शकतो. अंदाजपत्रकावर सही झाली तरी मंजूर, आणि कंत्राटदाराच्या हातात कार्यादेश पडला तरी मंजूरच. या दोन्हींत कधी कधी वर्षाचे अंतर असते. म्हणून हा शब्द सोडून टप्प्याचे नाव लिहावे : 'अंदाजपत्रक तयार, निविदा बाकी' किंवा 'कार्यादेश अमुक तारखेचा, मुदत अमुक महिने'. फाईल कोणत्या टेबलावर आहे हे नगरसेवकांना ठाऊक असतेच.

कामाची जागाही नीट सांगावी. 'गल्लीतील रस्ता' असे न लिहिता कोणत्या कोपऱ्यापासून कोणत्या कोपऱ्यापर्यंत, किती मीटर लांब, किती रुंद, काँक्रीटची जाडी किती, हे चार आकडे आले की गल्लीतला कुणीही टेप लावून पाहू शकतो. पैसा कुठल्या निधीचा तेही हवे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, त्यातून मंदिरापुढे पेव्हर बसवता येत नसत. आमदार निधीच्या कामाची चौकशी महापालिकेच्या खिडकीवर करून उपयोग नाही. निधीचे नाव कळले तर माणसाचे चार हेलपाटे वाचतात.

कामे बिघडतात कुठे, हेही आधीच सांगितले तर लोकांचे लक्ष राहते. आधी ड्रेनेज, मग जलवाहिनी आणि घरोघरच्या जोडण्या, मग केबल आणि सर्वांत शेवटी रस्ता, हा क्रम चुकला की नवा रस्ता सहा महिन्यांत पुन्हा उकरला जातो. चर बुजवताना माती थराथराने पाणी मारून दाबली नाही तर पहिल्याच पावसात तिथे लांब खड्डा पडतो, आणि आपला जून-जुलै असल्या चुका लपू देत नाही. गटार उताराच्या खालच्या टोकाकडून वर बांधत आणावी. वरून सुरुवात केली आणि शेवटी नाल्याचा तळ गटारीपेक्षा उंच निघाला तर पाणी उलटे घरात येते. काँक्रीटवर किमान १४ दिवस पाणी ठेवायचे असते. प्रत्यक्षात चार दिवसांत दुचाकी फिरू लागतात. यात दोष फक्त कंत्राटदाराचा नाही, आडवा लावलेला दगड बाजूला सारणारे आपणच. 'रस्ता अमुक तारखेपर्यंत बंद, पाणी मारण्याची जबाबदारी कंत्राटदाराची' अशी एक ओळ आढाव्यात असली तर दोघांनाही आठवण राहील.

पाण्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त फोन त्यासाठीच येतात. शहराला राकसकोप आणि हिडकल अशा दोन जलाशयांतून पाणी येते. हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीबरोबर बेळगावातही २००८ मध्ये मोजक्या प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, बाकीच्यांचा पाळीचा क्रम चालूच राहिला. त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या व्यवस्था असू शकतात, आणि 'शहरात पाणीपुरवठा विस्कळीत' या वाक्याचा कुणालाच उपयोग होत नाही. हिडकलचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून वर आणावे लागते. वीज तासभर गेली तर पाणी तासभरच उशिरा येईल असा समज असतो, पण तसे होत नाही. पंप बंद पडला की वाहिनीत हवा शिरते. ती व्हॉल्व्हमधून हळूहळू काढावी लागते. पंपही एकेक करून चालू करावे लागतात, नाहीतर पाण्याच्या दणक्याने जोड निखळतो. मग शुद्धीकरण, मग जलकुंभ भरणे. कुंभ पुरेसा भरल्याशिवाय व्हॉल्व्हमन पाणी सोडू शकत नाही, कारण अर्ध्या कुंभाचे पाणी गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत चढत नाही. एका तासाच्या खंडाने पाळी दिवसभर पुढे सरकते ती अशी. म्हणून नगरसेवकांनी तीनच गोष्टी लिहाव्यात : आपली गल्ली कोणत्या जलकुंभावर आहे, पाळी किती दिवस सरकली, आता पाणी कोणत्या वारी आणि साधारण किती वाजता. हेस्कॉम या वीज कंपनीने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचे आधी जाहीर केले असेल तर ते आदल्या आठवड्यातच सांगता येते.

मोठ्या खंडानंतर येणारे पहिले पाणी गढूळ असते, नळीच्या तळाचा गाळ ढवळला जातो म्हणून. ते भांडी-फरशीला वापरावे. पण पाण्याला वास येत असेल तर गोष्ट वेगळी. वाहिनीतला दाब गेला की फुटक्या जोडातून शेजारच्या गटारीचे पाणी आत ओढले जाते. ते उकळूनही पिऊ नये, लगेच तक्रार द्यावी आणि किती घरांना वास येतो ते सांगावे. पहिल्या आणि शेवटच्या घराचा पत्ता मिळाला की गळती कुठे शोधायची ते ठरते.

मराठी आढाव्याला आणखी एक काम आहे. सभेची विषयपत्रिका, नोटिसा, अर्ज सारे कन्नडमध्ये असते. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी आपल्या जागी आहे आणि राहील. पण ती पुरी होईपर्यंत खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला कन्नड शब्द मराठीत फोडून कुणीतरी द्यायला हवेत. सारखे दिसणारे शब्द जास्त घोटाळा करतात. कन्नड 'कामगारी' म्हणजे बांधकाम, आपली 'कामगिरी' नव्हे. 'स्वीकृती' म्हणजे अर्ज पोचल्याची पावती. आपला माणूस ती अर्ज मान्य झाल्याची समजून निर्धास्त घरी जातो. 'नडावळी' म्हणजे सभेचे इतिवृत्त, 'आस्ती तेरिगे' म्हणजे घरपट्टी. आणि 'सकाल' सकाळशी संबंधित नाही. तो २०११ चा सेवा हमी कायदा आहे. त्याखाली येणाऱ्या सेवेच्या अर्जाला पंधरा आकडी क्रमांक मिळतो. तो मागून घ्यावा, कारण त्यानेच मुदत मोजली जाते आणि उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते.

घरपट्टीचे वेळापत्रक ठरलेले आहे : एप्रिलमध्ये ५ टक्के सवलत, मे-जूनमध्ये सवलत नाही आणि दंडही नाही, जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड. सवलतीला मुदतवाढ मिळाली तर आढाव्यात सरकारी आदेशाची तारीख द्यावी. नुसते 'मुदतवाढ झाली' वाचून थांबलेल्यांची सवलत हुकते. ई-आस्तीसाठी, म्हणजे मालमत्तेच्या संगणकीय उताऱ्यासाठी, जाताना खरेदीपत्र, चालू पावती, ओळखपत्र, वीजबिल आणि घराचा फोटो जवळ ठेवावा. सर्वांत जास्त अडते ते नावाच्या स्पेलिंगवर, कारण मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलते. मसुद्याची प्रत हातात आली की सही होण्यापूर्वी अक्षर न् अक्षर वाचावे. जन्मदाखल्यालाही हेच लागू. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत तोच दाखला चालवायचा आहे. नोंद २१ दिवसांत मोफत होते.

जे नगरसेवकांच्या हातात नाही तेही एकदाच स्पष्ट लिहून टाकावे. कॅम्पातला रस्ता कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, हिंडलग्याचा कचरा तिथल्या ग्रामपंचायतीचा. पथदीप बंद असेल तर महापालिका, तार लोंबत असेल तर हेस्कॉमचा तक्रार क्रमांक १९१२. दोन्ही ठिकाणी खांबावर रंगवलेला क्रमांक सांगितला की माणूस सरळ तिथे पोचतो. बळ्ळारी नाल्याच्या गाळ आणि जलपर्णीबद्दल मात्र हद्दीचे कारण सांगू नये. काम कुणाचेही असो, मे महिन्यात यंत्र कुठून कुठपर्यंत फिरले ते शहापूर, वडगाव, अनगोळच्या शेतकऱ्यांना भातरोप लावण्याआधी कळले पाहिजे.

शेवटी मांडणीबद्दल. आढाव्याची सुरुवात मागच्या आठवड्यात सांगितलेल्या कामांपासून व्हावी : झाले, नाही झाले, का नाही. मग नवे. मोबाइल न वापरणाऱ्यांसाठी हाच मजकूर युवक मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहावा. दहा-बारा ओळी सहज मावतात, आणि मावेना झाले तर सत्कार गाळावेत. तारीख मात्र गाळू नये. तारीख नसलेला पाण्याचा संदेश पुढे पुढे जात राहतो आणि बुधवारच्या पाण्यासाठी लोक शनिवारी घागरी मांडून बसतात.

— एक करदाता, शहापूर, बेळगाव