‘बोराएवढी गार’ म्हणजे नेमकी केवढी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च आला की मराठवाड्यात गारपिटीची धास्ती सुरू होते आणि आभाळ भरून आले की बांधावर मोबाइल धरून उभी राहणारी पोरेही दिसू लागतात. त्यांना ‘रिकामटेकडी’ म्हणून हाकलण्याची आपल्याकडे रीत आहे. विजा कडाडत असताना लिंबाच्या झाडाखाली रील काढणाऱ्याला बोलणी बसावीतच. पण वादळ नीट पाहून कळवू शकणाऱ्यालाही त्याच माळेत ओवले, तर तोटा शेतकऱ्यांचा आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा १९७० च्या दशकापासून ‘स्कायवॉर्न’ नावाने अशी माणसे तयार करते. वर्ग साधारण दोन तासांचा आणि फुकट असतो. तिथे शिकलेल्या स्वयंसेवकांची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे आहे.

रडार असताना माणसांची गरज काय, असे विचारले जाते. पृथ्वी गोल आहे आणि रडारची किरणे थोडी वर उचललेली असतात. त्यामुळे २०० किलोमीटरवरच्या गावावरून सर्वांत खालचे किरणही जमिनीपासून सुमारे ४ किलोमीटर उंचीवरून जाते. ढगात गार आहे एवढे रडार सांगेल, ती वावरात गार म्हणून पडली की वाटेत विरघळून पाणी झाली, हे खाली उभा असलेलाच सांगू शकतो. महसूल मंडळातली स्वयंचलित केंद्रे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात, गार मोजत नाहीत.

कळवायचे कसे, हे मात्र शिकावे लागते. ‘बोराएवढ्या गारा’ हे शब्द दर गारपिटीला कानावर येतात. कोणते बोर? गावरान बोर जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, बाजारातले कलमी बोर सहज ४ सेंटिमीटरचे. पहिल्याने हरभऱ्याचे घाटे झडतात, दुसऱ्याने मोसंबीची साल फुटते आणि माणसाचे डोकेही. त्यापेक्षा सोपा उपाय खिशात असतो. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. गार सपाट फरशीवर ठेवावी, शेजारी नाणे ठेवावे आणि बरोबर वरून फोटो घ्यावा. तळहातावर धरून, कॅमेऱ्याजवळ नेऊन काढलेला फोटो कामाचा नाही, त्यात सुपारीचे लिंबू दिसते. सापडलेली सर्वांत मोठी गार निवडून तिची जास्तीत जास्त रुंदी सांगावी. पत्र्याच्या पागोळीखाली साचलेला ढीग गोठून गोळा होतो आणि गावभर ‘दोन किलोची गार’ फिरते. तो गोळा मोजू नये. लगेच मोजता आली नाही, तर गार पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. गारा किती मिनिटे पडल्या आणि सोबत वारे होते का, हेही हवे. वाऱ्यासोबत आडवी आलेली बारीक गारही उभा गहू लोळवते.

वाऱ्याच्या बाबतीत तर अंदाज सर्रास फुगतो. अख्खी झाडे हलत असतील आणि वाऱ्याविरुद्ध चालताना जड जात असेल, तर वेग ताशी ५० ते ६० किलोमीटर धरावा. डहाळ्या मोडू लागल्या की ६० ते ७५. नुसते ‘पत्रे उडाले’ लिहून काही कळत नाही. पत्रे खिळ्यांनी ठोकलेले होते की वर धोंडे ठेवलेले, ते लिहा. ऊन तापलेले असताना उठलेल्या वावटळीला ‘चक्रीवादळ’ म्हणून कळवणारे आणि ढगाखाली लोंबणाऱ्या ढगाच्या चिंध्यांना टोर्नेडोची, म्हणजे ढगापासून जमिनीला टेकणाऱ्या फिरत्या वादळाची, सोंड समजणारे प्रत्येक प्रशिक्षण बैठकीत भेटतात. पिंपळगाव तर किती तरी तालुक्यांत आहे, म्हणून गावासोबत तालुका आणि घड्याळातली वेळ हवीच. शेजारच्या गावात गार पडली आणि आपल्याकडे नाही, हेही कळवावे. पट्टा कुठे संपला ते त्यावरूनच समजते.

हे सगळे पक्क्या घराच्या खिडकीतून करायचे आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा आत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. शेतातल्या आखाड्यावरची खोपी, उघडे पत्र्याचे शेड आणि ट्रॅक्टर यांचा विजेपासून आसरा नसतो. धातूचे छत असलेली, काचा बंद केलेली गाडी चालते. पण ती घेऊन वादळामागे पळू नये. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो इथे सुमारे ४ किलोमीटर रुंदीच्या टोर्नेडोत तीन अनुभवी संशोधक गाडीसह सापडले आणि दगावले. तिथले रस्ते सरळ, चौकटीत आखलेले. आपल्याकडे पाणंदीवर दहा मिनिटे सर पडली तरी काळी माती मडगार्डात भरून चाक फिरेनासे होते. मागे ओढा, वर वीज, अशी गत होते.

आता बैठकांविषयी. गेल्या काही वर्षांत आपत्ती प्रशिक्षणाच्या नावाने झालेल्या अनेक बैठकांत इंग्रजी स्लाइड, हजेरीच्या सह्या, सामूहिक फोटो आणि चहा एवढेच होते. निरोप कोणाला धाडायचा, हे कोणी सांगत नाही. मग व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, आठवड्यात ‘शुभ सकाळ’ने भरतो आणि खरी नोंद त्यात बुडते. पंचवीसहून जास्त माणसे एका बैठकीला नकोत. पोलीस पाटील, कृषी सहाय्यक यांच्यासोबत दिवसभर रानात असलेला मेंढपाळही हवा. पहिला तास मराठीतून, ढगांचे फोटो दाखवून. मग गोटी, सुपारी, लिंबू आणि बटाटा दुरून दाखवून प्रत्येकाने आकार मिलिमीटरमध्ये कागदावर लिहावा, नंतर पट्टीने पडताळावा. पहिल्या फेरीत बहुतेक जण चुकतात, दुसऱ्या फेरीत नजर बसते. शेवटी प्रत्येकाने आपल्या फोनवरून एक नमुना निरोप प्रत्यक्ष पाठवावा आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षातून ‘मिळाला’ असे उत्तर यावे. उत्तर आले नाही, तर पुढच्या वेळी कोणी कळवणार नाही.

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षांनी फेब्रुवारी संपण्याआधी प्रत्येक महसूल मंडळात अशी एक बैठक घ्यावी. निरोप घेणारा क्रमांक त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा आणि आलेल्या नोंदी हवामान विभागाला व परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्याच दिवशी पाठवाव्यात, ही विनंती.

आपले,
हवामान निरीक्षणाचे काम करणारे काही वाचक, परभणी