ब्रेकच्या कामात अंदाज न सांगणाऱ्या काकांना

काका,

सादर नमस्कार.

पुढच्या ब्रेकचं काम उरकलं. गाडी एका बाजूला ओढत नाही, पेडल धडधडत नाही, आणि लांबलचक उतार उतरून आल्यावर पुढची दोन्ही चाकं सारखीच तापलेली असतात. हे सगळं फोनवर सांगून झालंय. तरी जाहीर लिहितोय, कारण तुमची मदत दोन वाक्यांत आटोपण्यासारखी नव्हती, आणि मोटारहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, बाळगणाऱ्या बहुतेकांवर ही पाळी कधी ना कधी येतेच. नाव लिहू नकोस म्हणालात, तेवढं पाळतोय.

मोटारहोमला पार्ट मिळत नाहीत, अशी ओरड सगळेच करतात. पार्ट असतात. ते कोणाच्या नावाने मागायचे हे कळत नाही. गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत जे नाव असतं ते वरचं घर बांधणाऱ्याचं. ब्रेक, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग सगळं चासीवाल्याचं, म्हणजे खालचा चाकांसकटचा सांगाडा बनवणाऱ्याचं. अमेरिकेतल्या पुष्कळ पेट्रोल मोटारहोम फोर्डच्या एफ-53 चासीवर उभ्या असतात. युरोपात फियाट डुकाटो जागोजागी दिसते, आणि तिच्याही मागच्या भागात कधी मूळ चासी असते तर कधी अल-को ह्या दुसऱ्या कंपनीची. तेव्हा काउंटरवर घराचं नाव सांगून उपयोग शून्य. वर्षाचा घोळ वेगळाच: चासी आधी बनते, घर तिच्यावर नंतर चढतं, त्यामुळे कागदावरचं वर्ष आणि चासीचं वर्ष यांत फरक पडू शकतो.

तुम्ही पहिल्याच फोनवर कागद बाजूला ठेवायला लावलात. "व्हीआयएन वाच. सतरा अक्षरं. दहावं कुठलं?" व्हीआयएन म्हणजे पाटीवरचा गाडीचा ओळख नंबर. अमेरिकी पद्धतीच्या नंबरात दहावी जागा मॉडेल वर्षाची. पाटी गंजलेली, त्यातलं एक अक्षर ओ की शून्य ते दिसेना. तुम्ही तिकडून न बघताच सांगितलंत, "शून्य. व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू नसतातच."

एवढं करूनही पुढच्या ब्रेक पॅडचे पार्ट नंबर दोन निघाले, कारण एकाच वर्षाच्या एकाच चासीवर वजनक्षमतेप्रमाणे वेगळे ब्रेक येऊ शकतात. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, दोन्ही बसतील. तुमचं उत्तर माझ्या अजून कानात आहे: "दोन्ही बसत असते तर कंपनीने नंबर दोन कशाला काढले असते?" मग पुढच्या अ‍ॅक्सलच्या पाटीवरचं वजन, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा व्यास, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कची जाडी, आणि जुन्या पॅडची मागची पत्री कागदावर ठेवून पेन्सिलने काढलेला आकार, इतकं तुम्ही मागवून घेतलंत. त्यानंतर एक नंबर आपोआप गळाला.

खरे आभार मात्र होजसाठी, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणाऱ्या रबरी नळीसाठी. उजवं चाक गरम होत होतं, ब्रेक सोडला तरी धरून राहत होता. दोन गॅरेजवाल्यांनी गाडीखाली न जाता निकाल दिला होता, कॅलिपर जाम, दोन्ही बदला. तुम्ही आधी चाचणी करायला लावलीत. चाक उचलून, गाडी स्टँडवर घेऊन, पेडल दाबून सोडायचं, म्हणजे चाक धरेल. मग कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे तेल बाहेर सोडायचा स्क्रू, किंचित सैल करायचा. तेल पिचकारीसारखं उडून चाक सुटलं, तर दाब आत अडकला होता. ब्लीडर उघडूनही चाक जाम राहिलं, तरच पिस्टन नाहीतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना धरल्यात. माझं चाक सुटलं. आता दाब अडकला कुठे? त्यासाठी पुन्हा पेडल दाबून, ह्या खेपेला ब्लीडरला हात न लावता, लोखंडी पाइप होजला मिळतो तिथला नट सैल करायला सांगितलात. तेल थेंबथेंब आलं आणि चाक तसंच घट्ट. म्हणजे गाठ होजमध्येच.

नवा होज बसवल्यावर तुमच्या सांगण्यावरून जुना उभा चिरला. बाहेरून धडधाकट होता, ना तडा ना गळती. आतलं रबर मात्र सुटून त्याची जीभ झाली होती. पायाच्या जोरावर तेल पुढे जायचं, पण पिस्टनच्या सीलची मागे खेचायची ताकद ती किती, त्या जोरावर तेल परत यायचं नाही. कॅलिपर शाबूत निघाला. दोन कॅलिपरचा खर्च वाचला हे तर आहेच, पण नवे कॅलिपर टाकूनही चाक तापतच राहिलं असतं, त्याचं काय!

डिस्कच्या बाबतीत तुम्ही जरा ओरडलात, ते बरं झालं. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला असतो, तो टाकून देण्याचा. लेथवर घासून कुठवर आणायची हा आकडा निराळा, तो मॅन्युअलमध्ये पाहायचा आणि तो नेहमी थोडा जास्तच असतो, कारण घासल्यावर डिस्कला वापरायला जाडी उरायला हवी. मायक्रोमीटर गोल फिरवत आठ ठिकाणी लावायला लावलात. दोन शतांश मिलिमीटरच्या आसपासचा फरकसुद्धा पेडलला जाणवू शकतो, हे आकडे वहीत लिहिल्यावर पटलं. डिस्क नव्याच घेतल्या, आणि हबचं (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं) आतलं ऑइल सीलही नवं. ग्रीस गळून पॅडवर गेलं की पॅड बाद, मग त्या सीलमध्ये काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. पहिलं साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45. घाट उतरणाऱ्या जड गाडीला दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली घसरलेलं नको, हे तुमचं मत मी जसंच्या तसं उचललं. पॅड किती टिकेल किंवा किंचाळेल का, हे त्या अक्षरांवरून कळत नाही, हेही तुम्ही बजावलंत.

ब्रेक ऑइलबद्दल थोडक्यात, कारण त्यावर आपला वाद झालाच नाही. डॉट 4 प्रतीचं ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत खाली येते. डॉट 5.1 ग्लायकॉलचं, डॉट 5 सिलिकॉनचं, नावं शेजारशेजारची असली तरी एकमेकांत मिसळायची नाहीत. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घातलं.

आणि टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचा आकडा. सगळ्यांत जास्त मी त्याच आकड्यासाठी तुमच्या मागे लागलो होतो आणि तोच तुम्ही तोंडी दिला नाहीत. चाकाच्या नटाचा टॉर्क विचारला, तर तुम्ही उलट विचारलंत: नट कुठल्या जातीचा, चाक हबवर बसतं की नटाच्या कोनावर, आटे कोरडे की तेल लावलेले? कोरड्या आट्यांचा आकडा तेलकट आट्यांना दिला तर पाना तोच दाखवतो, पण स्टडला, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टला, ताण भलताच बसतो. "मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे म्हणून माझ्या आठवणीतला आकडा तुझ्या चाकाला चालेल असं नाही," म्हणालात आणि मॅन्युअलचं नेमकं पान शोधून फोटो पाठवलात. इतकी माणसं इतके आकडे बिनदिक्कत सांगत होती, त्यांत "बघून सांगतो" म्हणणारे तुम्ही एकटेच. मला विश्वास वाटला तो तिथे.

शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासले. डावीकडचा एक थोडा फिरला, बाकी जागेवर होते. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच घातले आहेत, तेव्हा ते विचारू नका.

आता मागची चाकं काढतोय. पाटीचा, डिस्कवरच्या आकड्यांचा आणि होजवर छापलेल्या तारखेचा फोटो आधी पाठवतो, फोन नंतर करतो.

आपला,
होजवाला