प्रभुभोजनाला पुढे जा

चि. बाळास,
आईचा सलाम.

गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, तू पुढे गेला नाहीस, बाकावरच बसून राहिलास, हे फोनवर तूच सांगितलंस. "मी लायक नाही, आई," एवढं म्हणून विषय बदललास. माझ्या मनातून तो जाईना, म्हणून लिहितेय.

अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा, प्रभूचं शरीर न ओळखता खाणारा, स्वतःवर दंड ओढवून घेतो, या ज्या ओळींना तू घाबरतोस, त्या प्रेषित पौलाने पत्रात कोणाला लिहिल्या ते बघ. करिंथ हे ग्रीसमधलं, बंदरांवर पोसलेलं श्रीमंत शहर. तिथली ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनाला जमली की काहीजण आधीच पोटभर खाऊन घ्यायचे, कोणी तर झिंगायचे, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहायचे. पौल संतापला तो यावर. प्रभूचं शरीर न ओळखणं म्हणजे शेजारचा भुकेला भाऊ न दिसणं, असंच मी ते वाचते. आणि माणसाने स्वतःची परीक्षा करावी म्हटल्यावर लगेच तो सांगतो, मग त्या भाकरीतून खावं. बाकावर बसून राहा असं कुठे लिहिलंय?

येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री मेजाजवळ कोण कोण होतं? प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचा हात मेजावर होता, शुभवर्तमानात लूक स्पष्ट लिहितो. काही तासांत प्रभूला नाकारणारा शिष्य पेत्रही तिथेच जेवला.

भाकरीत प्रभू नेमका कसा असतो यावर लूथर आणि झ्विंग्ली हे धर्मसुधारक १५२९ साली जर्मनीत मारबुर्गला वाद घालून एकमत न होताच उठले. ते मी पाळकांवर सोडते. मला आपल्या देशातली गोष्ट जास्त टोचते. दक्षिणेत बाप्तिस्मा घेतलेले लोकही चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळे बसायचे, प्रभुभोजनालाही वेगळे यायचे. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे थांबवायला बजावलं, तेव्हा तंजावरच्या कित्येकांनी मंडळीच सोडली. कोणाबरोबर जेवायचं, इथेच माणूस अडतो रे.

तूही तिथेच अडलायस. घराची वाटणी झाल्यापासून तू दादाशी बोलत नाहीस. अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर आणि मग ये, असं प्रभू सांगतो. त्यातलं "मग ये" विसरू नकोस.

शनिवारी दादाला फोन कर. वाटणीचं काढू नकोस, वहिनीची तब्येत विचार. त्याने उचलला नाही तर रात्री पुन्हा कर. तो बोलला नाही तरी रविवारी तू पुढे जा.

तुझी,
आई