पंगत एक, डबे आपापले: युरोपच्या संशोधन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. एकातेरिना झाहारिएवा,
आयुक्त (स्टार्टअप, संशोधन आणि नवोन्मेष),
युरोपियन कमिशन, ब्रुसेल्स

स. न. वि. वि.

आमच्याकडे ‘आयुक्त’ म्हटलं की डोळ्यांसमोर महापालिका येते, खड्डे येतात, पाणीकपात येते. तुमच्या खात्यात पाणीकपात नाही, पण खड्डे आहेत. त्यातल्या एकाबद्दल लिहितो आहे: दोन देशांतल्या प्रयोगशाळांना मिळून संशोधन करायचं असलं की निधीच्या वाटेत लागतो तो खड्डा.

पत्र मराठीत का, तर इंग्रजीत लिहिलं असतं की ‘आपले मत नोंदवून घेतले आहे’ अशी दोन ओळींची पोच आली असती आणि विषय तिथंच मिटला असता. मराठीत लिहिलं तर निदान पुण्या-कोल्हापूर-नांदेडची ती मुलं वाचतील, जी रात्री जागून युरोपातल्या पीएचडीच्या जागा धुंडाळत असतात. मुलाखत झालेली जागा अचानक कुठं गेली, हे त्यांना कुणी सांगत नाही. मला ते माहीत असतं, कारण मी बसतो तिथंच त्या जागा जन्माला येतात आणि बऱ्याचदा तिथंच मरतात.

मी ऑस्ट्रियातल्या एका विद्यापीठात अनुदान विभागात काम करतो. शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञांचे अर्ज तपासायचे, बजेटचे तक्ते जुळवायचे, पोर्टलवर फाइल चढते की नाही ते बघायचं, हे माझं काम. कारकून म्हणा हवं तर, मला राग नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडचा एक गट आणि शेजारच्या देशातला एक गट, दोघांना मिळून आल्प्समधल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचं होतं. डोंगर एकच, सरहद्द मात्र त्याच्या मधून जाते. दोन देश म्हणजे दोन अनुदान संस्था, दोन अर्ज, दोन परीक्षक मंडळं. एका संस्थेनं अर्ज मंजूर केला, शेरा उत्तम. दुसरीनं कळवलं, की कल्पना चांगली आहे, परंतु या फेरीत निधी अपुरा पडला. कुठली मंजूर करणारी आणि कुठली नाकारणारी, ते सांगत नाही, दोन्ही संस्थांत सज्जन माणसं आहेत. पण अर्धा प्रकल्प मंजूर म्हणजे काय? अर्ध्या डोंगराची माती? मंजूर झालेले पैसेही वापरता आले नाहीत, कारण अर्जात काम दोघांचं मिळून लिहिलेलं. चाचणीसाठी आणलेले नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये, निळ्या झाकणांच्या नळ्यांत, दोन वर्षं तसेच पडून होते. सांगलीकडची एक मुलगी त्या जागेसाठी निवडली गेली होती, तोंडी कळवूनही झालं होतं. पुण्यातली नोकरी सोडायच्या बेतात होती. तिला फोन मी केला. तिनं एकच विचारलं, “सर, माझं काही चुकलं का?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या ज्योतिषांनी आपापलं पंचांग वापरून पत्रिका जुळवायच्या आणि दोघांचेही छत्तीस गुण जुळले तरच मुहूर्त, असा तो प्रकार. समजा प्रत्येक संस्था चार अर्जांत एक मंजूर करते. दोघींनी स्वतंत्रपणे ठरवायचं म्हटलं तर दोन्हीकडून होकार येण्याची शक्यता सोळांत एक. सरहद्दीपलीकडच्या माणसाबरोबर काम केल्याचा हा दंड.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठीच तर आमचा होरायझन युरोप हा संशोधन-निधीचा कार्यक्रम आहे, २०२१ ते २०२७ साठी ९५.५ अब्ज युरोंचा. आहे, आणि त्यातून मोठी कामं होतात, ते मी नाकारत नाही. पण तिथल्या सहकार्य प्रकल्पांना किमान तीन देशांतल्या संस्था लागतात, आणि प्रत्यक्षात दहा-बारा जणांची वरात निघते. शिवाय विषय बहुधा तुमच्या कार्यालयानं आधीच ठरवलेला. ‘ईआरसी’ची, म्हणजे युरोपियन रिसर्च कौन्सिलची, अनुदानं विषयाला मोकळी आहेत, पण ती मुख्यतः एकेका शास्त्रज्ञासाठी. दोन देशांतल्या दोन छोट्या प्रयोगशाळांना आपल्या मनातला प्रश्न घेऊन तीन वर्षं काम करायचं असेल, तर ब्रुसेल्सच्या कपाटात तो कप्पा सापडणं अवघड.

आणि तसंही युरोपातला संशोधनाचा बहुतेक सरकारी पैसा ब्रुसेल्समध्ये नाहीच. तो बॉनमध्ये आहे, बर्नमध्ये आहे, व्हिएन्नात, पॅरिसमध्ये, क्राकोमध्ये आहे, म्हणजे जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि पोलंडच्या राष्ट्रीय अनुदान संस्थांकडे. जर्मनीची अनुदान संस्था ‘डीएफजी’ एकटी वर्षाला चार अब्ज युरोंच्या आसपास वाटते. हे पैसे त्या-त्या देशाच्या करदात्यांचे, म्हणून ते त्या-त्या देशातच खर्च व्हायचे, असा बहुतेक ठिकाणचा नियम. सरकारांचं बरोबरच आहे. डबा पार्टीला प्रत्येकानं आपला डबा आणायचा, एकत्र बसायचं, पण दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही. वर्षानुवर्षं युरोप याच पंगतीत जेवतो आहे, आणि पंगत कशी बसवायची यावरच सगळं अडतं.

प्रयत्न कमी झाले नाहीत. १९७४ मध्ये स्ट्रासबूर्गला युरोपियन सायन्स फाउंडेशन निघालं. १९९२ मध्ये संशोधन परिषदांच्या प्रमुखांनी स्वतःचं मंडळ केलं, २०११ मध्ये त्याची जागा ब्रुसेल्समधल्या ‘सायन्स युरोप’नं घेतली. मधल्या काळात तुमच्याच कमिशनच्या ‘एरा-नेट’ योजना आल्या, अनेक देशांच्या अनुदान संस्थांनी मिळून अर्ज मागवायच्या. त्यांत सगळ्यांचे डबे एकत्र मांडलेले दिसायचे, पण यादीत सातव्या नंबरवर असलेला प्रकल्प पडायचा, कारण त्यातल्या एका देशाचा डबा रिकामा झालेला, आणि अकराव्या नंबरचा लागायचा, कारण त्या देशांकडे पोळ्या शिल्लक. हा तमाशा मी माझ्या टेबलावरून पाहिला आहे. अकराव्या नंबरच्या माणसालासुद्धा अवघडल्यासारखं होतं.

यातून वाट काढली ती जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिघांनी. तिन्ही देशांच्या गाडीच्या पाट्यांवरची अक्षरं डी, ए आणि सीएच. जोडली की ‘डाख’ होतं, आणि जर्मनमध्ये डाख म्हणजे छप्पर. त्यांनी ठरवलं, की अर्ज एकाच संस्थेकडे द्यायचा, परीक्षण तिनंच करायचं, तिचा निकाल बाकीच्यांनी मान्य करायचा आणि मग ज्यानं त्यानं आपल्या माणसांचे पैसे द्यायचे. डबे आपापलेच राहिले. फक्त चव बघणारा एक झाला. या पद्धतीला ‘लीड एजन्सी’ म्हणतात. २०२० मध्ये बारा संस्थांनी ती पुढं नेली आणि ‘वीव्ह’ नावाचा करार केला. वीव्ह म्हणजे विणणं. दोन किंवा तीन देशांचा प्रकल्प, विषय कुठलाही.

वाचायला हे किरकोळ वाटतं. पण जरा विचार करा, शेजाऱ्याच्या तराजूवर आपला माल तोलायला तयार होणं ही केवढी गोष्ट आहे! क्राकोच्या कार्यालयानं बॉनच्या परीक्षकांचं मत निमूट मान्य करायचं, आणि बॉननं क्राकोचं. बॉननं क्राकोचं मान्य करणं जास्त अवघड, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही बल्गेरियातल्या सोफियाहून आला आहात.

या साध्या व्यवस्थेची किंमत मला कळली ती स्विस मित्रांमुळे. २६ मे २०२१ रोजी स्वित्झर्लंडनं युरोपियन युनियनबरोबरच्या चौकट-कराराची बोलणी सोडून दिली. भांडण पगार, मजूर आणि कोर्टांवरून. फटका बसला शास्त्रज्ञांना. होरायझनमध्ये स्वित्झर्लंड परका देश ठरला आणि स्विस प्रयोगशाळांत बसून ईआरसी अनुदान घेता येईना. स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशनला घाईघाईनं पर्यायी अनुदानं काढावी लागली. स्थलांतरावर मर्यादा घालणाऱ्या २०१४ च्या सार्वमतानंतर असंच झालं होतं, म्हणजे एकाच पिढीला ही ठेच दोनदा. या वेळी दार उघडायला २०२५ उजाडलं.

या सगळ्या काळात लीड एजन्सीची खिडकी मात्र उघडी होती. बर्न, बॉन आणि व्हिएन्नामधल्या संस्थांचा करार आपसातला, त्यात कुठल्याही राजकीय चौकटीचा खिळा नव्हता. ब्रुसेल्समध्ये स्वित्झर्लंड परका झालेला असताना आमच्या विभागातून स्विस भागीदारांचे अर्ज नेहमीसारखे जात होते. एका तक्त्यात एक रकाना युरोचा, एक स्विस फ्रँकचा. क्राको असेल तर तिसरा झ्वॉटीचा.

आणखी एक उदाहरण, माझ्या घराजवळचं. मी मूळचा नारायणगावचा. आमच्या द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यात खोडदला ‘जीएमआरटी’ आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. २९ जून २०२३ रोजी युरोपियन पल्सार टायमिंग ॲरेच्या शास्त्रज्ञांनी भारतीय-जपानी गटाबरोबर मिळून जाहीर केलं, की विश्वात अखंड चाललेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या गुणगुणीचा पुरावा त्यांच्या नोंदींत दिसतो आहे. पल्सार म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणारे तारे. अशा पंचवीस ताऱ्यांचे ठोके, जवळजवळ पंचवीस वर्षं मोजलेले. जर्मनीतली एफेल्सबर्गची शंभर मीटरची तबकडी, इंग्लंडमधलं जॉड्रेल बँक, फ्रान्समधलं नान्से, नेदरलँड्समधलं वेस्टरबॉर्क, इटलीतली सार्डिनियाची दुर्बीण, आणि खोडद. ईआरसीचा पैसाही त्यात होता, ते श्रेय तुमचं. पण या दुर्बिणी वर्षानुवर्षं चालत्या ठेवल्या त्या त्यांच्या-त्यांच्या देशांनी. पंचवीस वर्षांत ब्रुसेल्सचे आराखडे बदलत राहिले, ब्रिटन युनियनमधून बाहेर पडला, २०२४ मध्ये होरायझनमध्ये परतला, आणि ताऱ्यांचे ठोके मोजणं चालूच होतं. एकाच टोपलीत सगळी अंडी नसल्यामुळे ते चालू राहिलं असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

हे सगळं आताच लिहायचं कारण म्हणजे तुमच्या टेबलावरच्या दोन फायली. एक, १६ जुलै २०२५ ला कमिशननं मांडलेला होरायझनच्या पुढच्या पर्वाचा, २०२८ ते २०३४ चा प्रस्ताव, १७५ अब्ज युरोंचा. दुसरी, युरोपियन रिसर्च एरियाचा, म्हणजे सगळ्या युरोपसाठी संशोधनाचं एकच मैदान करण्याचा कायदा, जो आणण्याचं काम खातं हाती घेतानाच तुमच्याकडे सोपवलं गेलं. मोठा पैसा आणि नवा कायदा एकदम आले की सगळ्या वाटा आपल्याच दारातून नेण्याचा मोह कुठल्याही कार्यालयाला होतो. आमच्या विद्यापीठालाही होतो. म्हणून मागणी आधी नकारार्थीच करतो: वीव्हला ब्रुसेल्सची योजना करू नका. परीक्षण बॉन-बर्न-क्राकोच्या हातात आहे ते तिथंच राहू द्या. वर एक सुकाणू समिती, तिच्यावर एक सल्लागार समिती, असं काही बसवलंत की तीन वर्षांत त्याचं एरा-नेट होईल.

करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. सुरुवातीच्या त्या बारा सह्यांमध्ये तुमच्या बल्गेरियाच्या संस्थेची सही नव्हती. स्पेन आणि इटलीच्या राष्ट्रीय संस्थांचीही नव्हती. श्रीमंत आणि शेजारी देशांनी आपापसांत विणकाम केलं आणि कडेचे धागे सुटे राहिले, हा वीव्हचा दोष मला कबूल आहे. छोट्या संस्थेला भीती असते, की बाहेरच्या परीक्षकांनी एकदम वीस प्रकल्प मंजूर केले तर वर्षाचं बजेट मार्चमध्येच संपेल. भीती खरी आहे. तिथं तुमचा पैसा कामाला येईल. एरा-नेट कोफंडमध्ये कमिशन ३३ टक्के भार उचलत होतं. तेवढाच टेकू वीव्हमध्ये येणाऱ्या छोट्या संस्थांना द्या, विषय न ठरवता, परीक्षणात न डोकावता. डबा त्यांचाच राहू दे, तुम्ही फक्त दोन पोळ्या जास्तीच्या ठेवा.

आणि कायद्यात एक कंटाळवाणं कलम घाला, जे कुठल्याही भाषणात सांगता येणार नाही. आज डीएफजी प्रकल्पाच्या खर्चावर २२ टक्के वरखर्च देते, पलीकडच्या संस्थेचा नियम वेगळा, तिसरीचा त्याहून वेगळा. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा पगार एकीकडे ठरावीक दरानं, दुसरीकडे विद्यापीठाच्या श्रेणीनं. अर्ज एका पोर्टलवर दिला तरी भागीदारानं आपल्या देशाच्या पोर्टलवर काही दिवसांतच जोडफॉर्म भरायचा असतो, तो हुकला की परीक्षण कितीही उत्तम होवो, प्रकल्प बाद. जर्मन पोर्टलचं नाव ‘एलान’, आमच्या ऑस्ट्रियन पोर्टलचं ‘एलाने’. गंमत करत नाही. एकदा एका प्राध्यापिका एकाचा पासवर्ड दुसरीकडे टाकत रात्री साडेअकरापर्यंत बसल्या होत्या, आणि मी फोनवर होतो. बजेटचा तक्ता सगळ्यांचा सारखा आणि जोडफॉर्म एकदाच, एवढं कलम झालं तरी आमच्यासारख्या शेकडो कारकुनांचे आशीर्वाद मिळतील.

मातीचे ते नमुने शेवटी वापरले गेले. पुढं तोच प्रकल्प थोडा सुधारून लीड एजन्सीच्या वाटेनं गेला, एका परीक्षणात मंजूर झाला, आणि फ्रीजरचा तो खण उघडला. निम्म्या नळ्यांवरची अक्षरं पुसली गेली होती, म्हणून उन्हाळ्यात डोंगरावर जाऊन माती पुन्हा आणावी लागली. सांगलीची मुलगी तोवर दुसऱ्या देशात रुजू झाली होती. जागेची जाहिरात नव्यानं काढली, तेव्हा मजकूर मीच लिहिला आणि खाली एक ओळ वाढवली: ‘निधी मंजूर आहे’. आमच्या वरिष्ठांनी विचारलं, हे लिहायची काय गरज?

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऑस्ट्रियातला एक अनुदान-कारकून
(मु. पो. नारायणगाव, ता. जुन्नर)