तज्ज्ञांशेजारी नागरिकही हवेत

‘हवामान धोरण हे केवळ तज्ज्ञांचेच काम’ असा सूर असलेला रविवारच्या अंकातील लेख वाचला. तज्ज्ञांचे महत्त्व कोण नाकारेल? पण नागपूरचे तापमान सोनेगावच्या वेधशाळेत मोजले जाते. टिनाच्या छपराखाली रात्री २ वाजताही जीव का कासावीस होतो, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते त्या घरातली बाईच सांगू शकेल. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पहाटे घराघरांत पाणी शिरले. पाणी कुठे तुंबते, हे आम्हा रहिवाशांना आधीपासून तोंडपाठ होते, विचारले कोणी?

फ्रान्सने २०१९-२० मध्ये सोडतीने निवडलेल्या १५० नागरिकांना तज्ज्ञांसोबत बसवून हवामानविषयक शिफारशी मागितल्या. त्या सगळ्याच स्वीकारल्या गेल्या नाहीत, हेही खरे. आपल्याकडे तर ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केलेली आहे. महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा उन्हाळ्यापूर्वी या समित्यांपुढे ठेवावा. बैठकीला हातठेलेवाले, बांधकाम मजूर यांनाही बोलवावे, आणि तेही सायंकाळी ७ नंतर. रोजी बुडवून सूचना द्यायला कोण येणार?

– एक रहिवासी, अंबाझरी लेआउट, नागपूर